तिसऱ्या कलमावरची सही

माधव,

तुझं-माझं शेवटचं बोलणं काय झालं, असं लोक मला विचारतात. भेटायला येतात, चहा घेतात आणि विचारतात. मी म्हणतो, कामाचं बोललो. ते खोटं नाही. पण आपण एका ओपन सोर्स लायसन्सच्या तिसऱ्या कलमावरून भांडलो आणि मी फोन आपटला, हे सांगत नाही. बीडच्या तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर शिकवणारा मास्तर आणि गेवराईचा वेल्डर कायद्याच्या एका परिच्छेदावरून भांडले, हे समजावत बसलो तर समोरच्याचा चहा गार होईल.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, वहिनींचा फोन आला. तुझ्या छातीत जळजळत होतं, तू पित्ताची गोळी घेतलीस, पेपर घेऊन बसलास आणि तसाच कलंडलास. मी मोटारसायकल काढून बीडला आलो. सगळं केलं. लाकडं उतरवून घेतली, नातेवाइकांना स्टँडवरून घेऊन आलो, तुझ्या कॉलेजातल्या माणसांना बसायला सतरंज्या आणल्या. आता दोन महिने होत आले. परवापर्यंत मला रडू आलं नव्हतं. बायको बारकाईनं बघते माझ्याकडं. मी जेवतो, झोपतो, दुकानात जाऊन गेट जोडतो. हाताला चटका बसला तर जरा उशिरा कळतं, एवढाच काय तो फरक.

तुला आठवत असेल, हे सगळं माझ्या वडलांच्या, बापूच्या मेंढ्यांपासून सुरू झालं. तू सुट्टीला गावी, चकलांब्याला आलतास आणि नेहमीसारखा आमच्याच ओट्यावर बसलेला होतास. बापूनं आदल्या आठवड्यात मेंढ्यांना जंताचं औषध पाजलं होतं, आणि त्यातल्या दोन आंधळ्या झाल्या होत्या. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, वजनाच्या मानानं औषध जास्त झालं. बापू तुला म्हणाला, "लोकर अंगावर असली की मेंढी लठ्ठ दिसती. मी काय काटा घेऊन हिंडू व्हय रानोमाळ?" त्या दोन मेंढ्या कुंपणाला घासत चालत होत्या. तू बराच वेळ त्यांच्याकडं बघत राहिलास. परत जाताना म्हणालास, "फोटोवरून वजन काढता येईल, इष्णू."

मी म्हणालो, "फोटोत बी लोकरच दिसनार की बे."

आणि तसंच झालं. सहा महिने तू शेकडो फोटो काढलेस. फोनला लोकर म्हणजेच मेंढी वाटायची. मग माझ्याकडं एक खानावळवाला आला. माशा येतात म्हणून त्यानं दाराला साखळ्यांचा पडदा करून मागितला. पडदा लावल्यावर तो स्वतःच त्यातून आत-बाहेर करून बघायला लागला. अंगात ढगळ सदरा, पण साखळ्या सदरा दाबून थेट पोटाला चिकटून चालल्या. मी हातातली पक्कड खाली ठेवून तुला फोन केला. मेंढीला अरुंद वाटेतून चालवायचं, वाटेच्या दोन्ही बाजूंना साखळ्या सोडायच्या. साखळ्या लोकरीत बुडतील आणि अंगाला टेकतील. कोणती साखळी किती ढळली ते फोननं मोजायचं. तू सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलंस. मग म्हणालास, "इष्णू, तू लई हुशार माणूस हायस." आयुष्यात मला असं कुणी म्हणालं नव्हतं. शाळेत तू पहिल्या बाकावर होतास आणि मी दहावीला गणितात उडालो होतो.

पेटंटचा हट्ट तुझाच होता. मी म्हणालो, कागदाचं काय करायचं हाय? तू म्हणालास, उद्या दुसऱ्या कुणी हीच युक्ती आपल्या नावावर करून घेतली तर तो आपल्यालाच थांबवील. आधी अर्ज, मंग कोड, हे तू तीनदा बजावलंस, कारण आधी सगळ्यांसमोर मांडलं असतं तर पेटंट मिळालं नसतं. अर्ज गेल्यावर तू तुझा कोड, म्हणजे फोनमधला वजन काढायचा प्रोग्राम, इंटरनेटवर मोकळा केलास. सोबत एक इवलंसं लायसन्स जोडलंस: वापरा, बदला, वाटा, विका, आमची हरकत नाही. ते मी वाचलंसुद्धा नाही. पुढं कधीतरी पेटंटचं सर्टिफिकेट आलं. त्यावर दोन नावं होती, आणि त्यातलं एक माझं. मी ते फ्रेम करून वेल्डिंगच्या मशीनच्या वर लावलं. गिऱ्हाईक गेटचं माप सांगता सांगता वर बघायचं, आणि मी बघितलं नाही असं दाखवायचो.

खरी अडचण धर्मापुरीहून आली. तिथं अर्चना नावाची मुलगी बायकांच्या शेळीपालन गटांचं काम बघते. शिकून-सवरून गावी परतलेली. तिनं तुझा कोड उतरवून घेतला, शेळ्यांसाठी त्यात सुधारणा केल्या आणि त्या सुधारणा तुला परत पाठवल्या. तुला केवढा आनंद झाला होता. मग तिच्या संस्थेच्या वकिलानं विचारलं, कोड मोकळा आहे हे ठीक, पण या पद्धतीवर पेटंट आहे. आम्ही दहा गावांत अशा वाटा बसवल्या आणि उद्या मालकांनी थांबवलं तर?

तू तो मेल छापून दुकानात आणलास. मी म्हणालो, "लायसन दिलंय की तू. आता काय हाय?"

"त्या लायसन्समध्ये पेटंट हा शब्दच न्हाई बे." तू स्टुलावर बसलास. "कोड म्हणजे मी लिहिलेलं. ते कॉपी करायला मी परवानगी दिली. पेटंट म्हणजे आपण शोधलेली युक्ती. तिच्याबद्दल ह्या कागदात एक अक्षर न्हाई. काही वकील म्हणतात, वापरा म्हणलं त्यातच ती परवानगी आली. काही म्हणतात, न्हाई आली. गावातल्या बायांनी त्या भांडणात कशाला पडावं? आपण फाटक उघडं ठेवलंय अन् दारात कुत्रं बांधलंय, असं झालंय ते."

मग तू दुसरं लायसन्स काढलंस, चांगलं लांबलचक, आणि त्यातल्या तिसऱ्या कलमावर बोट ठेवलंस. या सॉफ्टवेअरमध्ये ज्यानं ज्यानं भर घातली आहे, त्याच्या भरीमुळं त्याचं जे पेटंट वापरलं जातं, त्याची परवानगी तो सगळ्यांना देतो. कायमची, मोफत. दिल्यावर परत घेता येत नाही. आणि एखादा उलटून दावा लावील, की हे सॉफ्टवेअर माझ्या पेटंटवर अतिक्रमण करतं, तर त्याला मिळालेली परवानगी त्या दिवशी संपेल. तू ते मास्तरासारखं समजावलंस. मी सगळं ऐकलं आणि म्हणालो, "कोड तुझा हाय. तो दे फुकट. साखळ्या माझ्या हायत."

तिथं आपण अडकलो. दोन मालकांच्या पेटंटचा कायदाच असा, की स्वतःपुरतं कुणीही वापरावं, पण तिसऱ्याला परवानगी द्यायची तर दोघांची संमती पाहिजे. आणि नेमका तेव्हाच पुण्याच्या एका कंपनीचा माणूस माझ्याकडं यायला लागला. गोड बोलणारा, इस्त्रीच्या शर्टातला. त्यांना पेटंटचे सगळे हक्क फक्त स्वतःसाठी पाहिजे होते. त्यालाही दोघांच्या सह्या लागत होत्या. तुला माझी सही पाहिजे, मला तुझी. दोघंही देईनात.

कपिलधारला गेलो होतो तो दिवस आठवतो? धबधब्याखाली लोक ओले होत होते आणि आपण पायऱ्यांवर बसून कलमावरून तंडत होतो. मी म्हणालो, "उद्या तीच कंपनी फुकटात उचलील. तवा काय करशील?"

"उचलू दे. आपल्याला थांबवता येणार न्हाई तिला, अन् तिला बी दुसऱ्या कुणाला थांबवता येणार न्हाई."

"अन् माझं काय?"

"पेटंट तुझंच राहतं की. नाव कुठं जातंय? फक्त परवानगी जाती."

मी उठून चपला घातल्या. बीडला तुझ्या घरापाशी तुला उतरवलं आणि चहाला थांबलो नाही.

आता शेवटचं बोलणं. बुधवार होता. कंपनीचा माणूस मला म्हणाला, "तुमच्या मित्रांनी नवं लायसन्स टाकलंही म्हणे. तुम्हाला विचारलं तरी का?" मी तिथल्या तिथं तुला फोन लावला. तो समोर उभा होता, हे तुला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "माझ्या नावावर परस्पर दान करून आलास व्हय?"

"तसं न्हाई बे. ऐक तर."

"काय ऐकू? शाळेत बी तूच पुढं, इथं बी तूच पुढं. साखळ्या सुचल्या त्या एका अडाण्याला, मंग त्याला कशाला विचारायचं?"

तू म्हणालास, "इष्णू." एवढंच. मी फोन आपटला. दुपारी तुझा मेसेज आला, 'रविवारी येतो, समक्ष बोलू.' मी उत्तर दिलं नाही. तो मेसेज अजून फोनमध्ये तसाच आहे.

तू गेल्यावर पंधराएक दिवसांनी अर्चना एसटीनं दुकानात आली. मी तिला पहिल्यांदाच बघत होतो. तिनं लॅपटॉप उघडून वेल्डिंगच्या टेबलावर ठेवला. म्हणाली, "दादा, सर गेले, आता पुढचं काय करायचं ते विचारायला आले. मला परस्पर काही करता येत नाही."

मी म्हणालो, "त्यानं केलंय ना सगळं. नवं लायसन टाकलंय."

"नाही टाकलं." तिनं स्क्रीन माझ्याकडं वळवली. "जुनंच आहे. नवं त्यांनी तयार करून ठेवलंय, पण बाहेर काढलं नाही. सात महिने झाले. मी तीनदा मागं लागले. आमच्या बायका थांबल्यात, असं सांगितलं. सर नाहीच म्हणाले."

तयार करून ठेवलेल्या त्या नव्या लायसन्सवर तू चिठ्ठीसारखं लिहून ठेवलं होतंस. मी स्वतः वाचलं. 'विष्णूची सही आल्याशिवाय हे प्रसिद्ध करायचं नाही. तो पेटंटचा मालक आहे. त्याच्या संमतीशिवाय दिलेली परवानगी पोकळ राहील, आणि लोक तिच्या भरवशावर वाटा बांधतील.' त्याच्याखाली भर घालणाऱ्यांची यादी होती. पहिलं नाव माझं. पुढं लिहिलं होतं, साखळ्यांची पद्धत. दुसरं नाव तुझं. तिसरं अर्चनाचं.

तुला टाकता आलं असतं, माधव. कुणी तपासलं नसतं. मी तर तुझा कोड ठेवलेली वेबसाइट कधी उघडलीही नव्हती. कंपनीच्या माणसाला बहुतेक अर्धवट कळलं असावं, किंवा त्यानं मुद्दाम काडी घातली असावी. त्याच्यावर ढकलून मला सुटता येत नाही. त्याचं ऐकून मी तुला बोललो. तुझं ऐकलं नाही.

अर्चना माझ्या तोंडाकडं बघत होती. मला काही वाटत नव्हतं. मी म्हणालो, "जेवून जा. परळीकडची गाडी अजून दीड तासानं हाय."

त्याच आठवड्यात कंपनीच्या माणसाचा फोन आला. आधी तुझ्याबद्दल दुःख व्यक्त केलं. मग म्हणाला, आता वारस म्हणून फक्त तुमच्या वहिनीच आहेत, त्या तुमच्या शब्दाबाहेर नसतील, काम सोपं झालं. तो खोटं बोलत नव्हता. तुम्हा दोघांना मूलबाळ नाही, तुझे आई-वडील आधीच गेलेले. तुझा अर्धा हिस्सा वहिनींचा झाला होता. मी नुसतं 'सही करा' म्हणालो असतो तर त्यांनी केली असती.

मी दोन्ही कागद घेऊन बीडला गेलो. वहिनी नुकत्याच शाळेतून आल्या होत्या. तुझी खुर्ची होती तिथंच होती. त्यांनी पाणी दिलं आणि समोर बसल्या.

"हा कंपनीचा," मी म्हणालो. "ह्यात पैसा हाय. तुमच्यापुरता बी चांगला हाय."

"आणि हा?"

"हा त्याचा. ह्यात काही न्हाई."

"समजावून सांगा," वहिनी म्हणाल्या. "हे घरात बोलायचे, पण मी कधी नीट ऐकलं नाही."

मग मी तिसरं कलम सांगायला लागलो. कोड म्हणजे लिहिलेलं, पेटंट म्हणजे युक्ती. पहिल्या लायसन्समध्ये एकाचीच परवानगी, दुसऱ्यात दोन्हींची. वहिनी मुलांच्या वह्या तपासतात तशा मधेमधे थांबवून विचारत होत्या.

"एकदा दिलं की परत घेता येतं?"

"न्हाई. फक्त जो उलटून दावा लावील, त्याची परवानगी जाती. बाकीच्यांची राहती."

"मग तुमचं नाव जातं का पेटंटवरून?"

"न्हाई. नाव राहतं. पेटंट आपलंच राहतं. फक्त…"

कपिलधारच्या पायऱ्यांवर तू हेच म्हणाला होतास, याच शब्दांत. मी तेव्हा चपला शोधत होतो.

वहिनींनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मग म्हणाल्या, "भाऊजी, मला पगार आहे. माझं नाव पुढं करून तुम्ही ठरवू नका. आणि ते गेले म्हणूनही ठरवू नका. ते होते तेव्हा तुम्ही नाही म्हणालात. आता दयेनं हो म्हणाल, तर ते त्यांना आवडलं नसतं. तुम्हाला काय पाहिजे?"

मला काय पाहिजे होतं? त्या सर्टिफिकेटखाली मी आजवर चार वाटा बनवल्या होत्या. चार. कंपनीनं बनवल्या असत्या तर मोठ्या फार्मवर गेल्या असत्या. माझ्या बापासारख्या माणसाकडं एकही आली नसती. आणि मी तरी काय राखत बसलो होतो? गिऱ्हाइकानं वर बघावं म्हणून. तुझ्या यादीत तर मी पहिलाच होतो.

"मला त्याच्या कागदावर सही करायचीय," मी म्हणालो. "दया न्हाई. मला आत्ता कळलंय."

वहिनींनी पेन दिलं. मी सही केली. त्यांनी खाली सही केली आणि पुढं सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं, माधव यांची वारस. पेटंटच्या दप्तरी वारसाची नोंद व्हायला वेळ लागेल असं वकील म्हणाले, तो अर्जही भरला. अर्चनानं दुसऱ्या दिवशी नवं लायसन्स बाहेर काढलं. कंपनीच्या माणसाला मीच फोन केला. तो चिडला नाही. विचारात पडल्यासारखा म्हणाला, "मग आम्हीही वापरू शकतो?" मी म्हणालो, "वापरा. सगळ्यांना हाय तसं तुम्हाला बी. फक्त ह्याच्यापायी कुणाला कोर्टात ओढलंत, तर तुमची परवानगी संपली." हे मी इतक्या सरळ आवाजात बोललो, की बायको आतून बाहेर येऊन बघून गेली.

मला वाटलं होतं, सही केल्यावर आत काहीतरी सुटेल. नाही सुटलं. मी धर्मापुरीसाठी पहिली वाट जोडायला घेतली. पाइप कापले, साखळ्या तोलून घेतल्या.

परवा सकाळी दुकानापुढं मेंढ्यांचा कळप थांबला. आसाराम मामा म्हणून एक म्हातारे मेंढपाळ आहेत, वर्षातले सहा-सात महिने लांब रानात असतात. त्यांच्यासोबत घोडं, बिऱ्हाड, चाळीसेक मेंढ्या. त्यांनी आत डोकावून बघितलं आणि म्हणाले, "माधव सर कुठं हायत? बीडला फोन लावला तर लागना. ह्यांना औषध पाजायचं हाय. सरांनी सांगितलं होतं, मोजल्याबिगर पाजू नका."

मी हातातला रॉड खाली ठेवला. आजवर हे मला कुणालाच सांगावं लागलं नव्हतं. सगळ्यांना आधीच माहीत असायचं. सगळे ते ऐकूनच माझ्याकडं यायचे.

"मामा," मी म्हणालो, "माधव गेला."

"कुठं?"

मी वर आभाळाकडं बोट केलं. मग त्यांना कळलं. त्यांनी डोक्याचं मुंडासं काढलं, दुकानाच्या उंबऱ्यावर बसले आणि मुंडासं मांडीवर ठेवलं. बाहेर मेंढ्या ओरडत होत्या. मी तोंड फिरवलं. मामांनी कळपाकडं बघितलं. मग म्हणाले, "मंग आता फोनातलं कोन बगणार?"

आपल्या कामात लोखंड माझं होतं आणि फोन तुझा. मी तो कधी हातात धरला नव्हता. धर्मापुरीसाठी जोडलेली वाट अंगणात उभीच होती. अर्चनानं माझ्या फोनवर सगळं घालून दिलं होतं. मी फोन स्टँडवर बसवला आणि चेहरा बाहीला पुसला.

"मी बगतो," म्हणालो. "सोडा एक."

पहिली मेंढी बिचकत आत आली. साखळ्या तिच्या लोकरीत बुडाल्या, अंगाला टेकल्या. स्क्रीनवर आकडा यायला दोन-तीन क्षण लागले. मला वाटलं, माझं काहीतरी चुकलं. मग आकडा आला आणि मी तो मोठ्यानं वाचला. मामांनी पिचकारीत त्या वजनापुरतंच औषध भरलं.

दुपारपर्यंत चाळीस मेंढ्या झाल्या, माधव. एकीलाही अंदाजानं पाजलं नाही.